दोऱ्याची दोन टोके

नागपूरहून दुर्गकडे निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते, तेव्हा डब्यातली मराठी हळूहळू पातळ होऊ लागते. आमगाव, सालेकसा, दरेकसा ही नावे अजून आपली असतात. मग दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, गाडी बोगद्यात शिरते, लहान मुले हौसेने ओरडतात आणि उजेडात येईपर्यंत राज्य बदलण्याची वेळ झालेली असते. डोंगरगड आले, की टेकडीच्या माथ्यावरचे बमलेश्वरीचे देऊळ खिडकीतून दिसते आणि बोलता बोलता प्रवाशांचे हात जोडले जातात. राजनांदगावला चहावाल्याची हाक पुरती हिंदी झालेली असते.

बदलत नाही ती खिडकीबाहेरची शेते. भंडारा-गोंदियाकडे पिकाला ‘धान’ म्हणतात, इकडेही ‘धान’च. दिवाळी सरली, की दोन्हीकडे एकाच सुमारास कापणी सुरू होते आणि दोन्हीकडे थंडीही एकाच सुमारास पडते. ट्रंका उघडतात, जुन्या साड्या उन्हात पडतात. या दिवसांत विदर्भातल्या घरात गोधडी निघते; छत्तीसगढमधल्या घरात निघते ती ‘कथरी’. वस्तू तीच, टाका तोच.

नागपूर ते दुर्ग हे अंतर सुमारे २६५ किलोमीटर. दुर्गला लागूनच भिलाई आणि भिलाईच्या दक्षिणेला उतई. पोलाद कारखान्यासाठी भिलाईचे नाव देशभर झाले. उतईचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असलेच, तर ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण इथे शिकायला येतात आणि शिकून निघून जातात. त्यापलीकडे हे एक साधे नगरपंचायतीचे गाव आहे. दुकाने, शाळा, सायकली, आणि वस्ती संपते तिथून सुरू होणारी धानाची खाचरे.

परछीतले मशीन

या गावातल्या एका घराच्या परछीत (आपण जिला ओसरी म्हणतो, तिला इकडे परछी म्हणतात) पायाचे शिलाई मशीन ठेवलेले आहे. मशीनमागे सत्तरी ओलांडलेल्या आजी बसलेल्या आहेत. भंडाऱ्याजवळच्या खेड्यातून लग्न होऊन त्या १९७४ साली इकडे आल्या. यजमान भिलाईच्या रेल मिलमध्ये होते. नोकरी असेपर्यंत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि निवृत्तीनंतर उतईत दोन खोल्या बांधल्या. थोरला मुलगा इथेच असतो. सूनबाई गुंडरदेहीकडची, छत्तीसगढी घरातली. तिने लग्नाआधी शिवणाचा वर्ग केला होता.

आजींच्या मांडीवर नऊवारी लुगडी आहेत, त्यांच्या आईची. आई गेल्यावर सहा लुगडी वाट्याला आली. नेसायला ती कोणी घेणार नव्हते आणि टाकवत तर नव्हती. तीन लुगड्यांची गोधडी आजींनी गेल्या वर्षी पुण्याला शिकायला गेलेल्या नातवासाठी केली. हाताने शिवणे आता डोळ्यांना झेपत नाही, म्हणून मशीनवर केली. चौकोन कापले, जोडले, वरून टिपा मारल्या. गोधडी देखणी झाली. नातू घेऊन गेला.

दिवाळीला तो ती परत घेऊन आला, तेव्हा ती अर्धी उसवलेली होती. वसतिगृहाच्या धुण्यात एकदाच पडली आणि ठिकठिकाणी टिपा सुटल्या. चौकोनांच्या मधून आतले जुने कापड बाहेर डोकावू लागले. सुटलेल्या कडा इतक्या विरल्या होत्या, की पुन्हा जोडायला कापडच उरले नव्हते. आजींनी काही न बोलता ती घडी घालून ट्रंकेत ठेवली.

आता उरली तीन लुगडी. नात नागपूरला कॉलेजात जाणार आहे आणि दुसरी गोधडी तिची. यापुढे त्या लुगड्यांचे सूत मिळणार नाही. म्हणून या वेळी कात्री लावण्याआधी सासूसुनेने उसवलेली गोधडी ओसरीत अंथरली आणि ती कुठे कुठे सुटली, ते बोटाने चाचपून पाहिले.

दोष कापडाचा नव्हता. दोऱ्याचाही नव्हता. टीप मध्ये कुठेच तुटलेली नव्हती. जिथे ती सुरू झाली होती आणि जिथे संपली होती, तिथूनच ती सुटत गेली होती. नीटनेटके दिसावे म्हणून आजींनी प्रत्येक टिपेचे दोन्हीकडचे दोरे कापडाला घासून कापले होते.

जुनी टीप

या भागातले मराठी घर म्हणजे काल-परवा नोकरीसाठी आलेले घर, असे सरसकट समजण्याचे कारण नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्याची राजधानी नागपूरच राहिली. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला १९०६ मध्ये. कचेरीचे काम, कोर्टाचे काम, मुलांचे शिक्षण, सगळ्यासाठी इकडची माणसे नागपूरकडे पाहत.

त्या काळी माणसांना एकाच भाषेच्या कुंपणात राहायची सवय नव्हती. मराठी घरातल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, ते हिंदीत. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी. घरची भाषा मात्र मराठी आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नावाजलेले कवी. त्याच राजनांदगावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी उभी राहिली. पुढे ती बंगाल नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली गेली. १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कामगारांचा मोठा संप झाला. आता ती गिरणी बंद आहे. मात्र तिच्या नावात नागपूर होते, हे अजून लोकांच्या लक्षात आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगढ मध्य प्रदेशात. मधोमध रेषा पडली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले. दरम्यान १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याने देशभरची माणसे ओढून आणली, त्यांत विदर्भातलीही पुष्कळ होती. उतईच्या आजींचे यजमान त्यांपैकीच एक.

अशा घरांत मराठी टिकते ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि गोधडीच्या घडीत. शेजारीण ओसरीत डोकावून विचारते, “का सिलत हव, दाई?” आजी उत्तर देतात, “कथरी.” आणि तोंड वळवून सुनेला सांगतात, “ते लुगडं दे गं इकडे.” शेजारणीला हा शब्द वेगळा सांगावा लागत नाही. तिच्या भाषेत साडीला ‘लुगरा’च म्हणतात.

गुंता होतो कुठे?

हाताचा धावदोरा एकाच दोऱ्याचा असतो. मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई कापडात उतरून किंचित वर आली, की वरच्या दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. खालचे शटल तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते. मग वरची दांडी दोरा मागे ओढून घेते आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. अमेरिकेत इलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या अशा मशीनचे पेटंट घेतले. आयझॅक सिंगर यांचे मशीन १८५१ मध्ये आले. आपल्याकडे कलकत्त्याच्या ‘उषा’ने १९३० च्या दशकात सुरुवात केली आणि पुढे मशीन हा मुलीच्या लग्नातला एक भरवशाचा आहेर होऊन बसला.

या टिपेचे बळ आणि दुबळेपण समजून घ्यायचे, तर घरातले तांदळाचे पोते आठवावे. पोत्याच्या तोंडाला साखळीची टीप असते. योग्य टोक सापडले, की एका ओढीत सगळे तोंड सर्रकन उघडते. शिवणयंत्राची टीप तशी सर्रकन उघडत नाही, कारण तिथे प्रत्येक टाक्याला दुसऱ्या दोऱ्याने धरून ठेवलेले असते. मात्र पहिल्या आणि शेवटच्या टाक्याला धरायला शेजारी कोणी नसतो. दोरा तिथे घासून कापला, की धुण्यात आणि वापरात एकेक टाका मोकळा होत जातो. आज एक, उद्या दोन. आजींच्या गोधडीचे असेच झाले होते.

मग आजींनी टोके इतकी आखूड का कापली? कारण मोकळी टोके दिसली, की गुंता होणार, ही त्यांची धास्ती. ती धास्ती खोटी नव्हती. कापडाच्या खालच्या बाजूला पक्ष्याच्या घरट्यासारखा दोऱ्याचा पुंजका झालेला प्रत्येक शिवणारीने पाहिलेला असतो. पण तो पुंजका टोके लांब ठेवल्याने होत नाही; ती मोकळी सोडल्याने होतो. टोकांना कोणी धरले नाही, की पहिल्या दोन-तीन टाक्यांत शटल त्यांना सुईच्या भोकातून खाली ओढते आणि तिथे सगळे एकमेकांत गुरफटते.

सूनबाईने सासूला उपाय करून दाखवला. बॉबिन बसवल्यावर वरच्या दोऱ्याचे टोक डाव्या हाताने धरायचे आणि हाताचे चाक आपल्याकडे एकदा फिरवायचे. सुई खाली जाऊन वर येते आणि खालच्या दोऱ्याला घेऊन येते. मग दोन्ही दोरे चार-पाच इंच बाहेर काढायचे, मशीनच्या पायाखालून मागे न्यायचे आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटाने हलके धरून ठेवायचे. ओढायचे नाही, नुसते धरायचे. थांबतानाही सुई कापडाबाहेर आणि दोऱ्याची दांडी सगळ्यांत वर असली पाहिजे. ती खाली असताना दोरा कापला, तर पुढच्या वेळी पहिल्याच टाक्याला सुईतून दोरा निसटतो.

“आणि मशीनचा पाय वर करून दोरा ओवा, आई,” सूनबाई म्हणाली. ही गोष्ट आजींना चाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. कापडाखाली गुंता दिसला, की बायका बॉबिनला दोष देतात. पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो आणि त्या चकत्या त्याला ताण देतात. मशीनचा पाय खाली असला, की चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात नीट बसतच नाही, वरून तरंगत राहतो. त्याला ताण नसला, की तो सैल पडून खाली जमा होतो. म्हणजे रुसवा दिसतो खाली आणि कारण असते वर. घरातल्या पुष्कळ गुंत्यांचे असेच असते, हे सासूसुनेला कोणी वेगळे सांगायला नको होते. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

जुन्या लुगड्यांचा एक आणखी त्रास असतो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताचा भुसा फार पडतो. तो सुईखालच्या प्लेटच्या आत, दात्यांमध्ये आणि शटलभोवती नमद्यासारखा जमतो आणि दोरा अडवतो. म्हणून दर दोन-तीन बॉबिनी संपल्या, की प्लेट काढून ब्रशने आतला भुसा झाडायचा आणि तेलाचा एक थेंब द्यायचा. सुई बोथट झाली असेल तर बदलायची. अनेक घड्यांचे जाड काम असेल, तर चौदाऐवजी सोळा नंबरची सुई लावायची. काही रुपयांची सुई वाचवायला जाऊन आईच्या लुगड्याला भोके पाडण्यात शहाणपण नाही.

चौकोनांची माळ

तीन लुगड्यांचे चौकोन कापले, तेव्हा ओसरीत रंगांचे ढीग झाले. एक हिरवे, एक जांभळे आणि एक असे, की ज्याचा मूळ रंग कोणता ते आजींनाही नक्की सांगता येईना. प्रत्येक जोड वेगळी शिवायची, दोरा कापायचा, पुन्हा सुरू करायचे असे केले, तर प्रत्येक जोडाला चार टोके. शंभर जोडांची चारशे टोके, आणि ती सगळी गुंत्याला आमंत्रण.

त्यावरची युक्ती सोपी आहे. आधी एक घडी घातलेली चिंधी मशीनच्या पायाखाली द्यायची आणि तिच्यावर टीप सुरू करायची. जो काही पहिला गोंधळ व्हायचा, तो त्या चिंधीवर होतो. चिंधी संपली, की दोरा न कापता एक-दोन टाके मोकळे चालवायचे आणि लगेच चौकोनांची पहिली जोडी पायाखाली सरकवायची. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी पुन्हा एक चिंधी. मशीनच्या मागून जोड्या एकीला एक लागून बाहेर पडत जातात. सगळे झाल्यावर कात्रीने मधले दोरे कापून जोड्या सुट्या करायच्या. शेवटची चिंधी पायाखालीच ठेवली, की उद्याची सुरुवात तिच्यावरूनच होते.

मशीनमागे ही माळ लोंबू लागली, तेव्हा शेजारची लहान मुले ती पाहायला जमली. त्यांना ते लग्नाच्या मांडवातले तोरण वाटले.

चौकोनांच्या या जोडांना टोकाशी उलटी टीप मारावी लागत नाही. कारण पुढे दुसरी टीप त्यांना आडवी जाते आणि त्यांची टोके तिच्याखाली दाबली जातात. टाका मात्र बारीक हवा, दोन मिलिमीटरच्या आसपास. मोठा टाका कापताना सुटतो. आडव्या टिपेची वाट न पाहणारी टोके म्हणजे गोधडीच्या कडेला येणारी. तिथे दोन-तीन टाके उलटे मारून घेणे बरे. फिकट कापडाखाली गडद दोऱ्याचे लांब टोक राहिले, तर ते वरून सावलीसारखे दिसते. तेवढे मात्र कापायचे, पण अस्तर लावण्याआधी, सगळे जोड झाल्यावर, एकदाच.

कापलेल्या दोऱ्यांसाठी सूनबाईने मशीनच्या फळीला एक लहान कापडी पिशवी टाचली आहे. दोरे खाली पडले, तर ते पायाच्या चाकाला आणि पट्ट्याला गुंडाळले जातात आणि मशीन जड चालते. अंगणात गेले, तर कोंबड्यांच्या पायांत अडकतात. पिशवी भरली, की ते दोरे टाचण्यांच्या उशीत भरायचे. गोधडीच्या घरात काही वाया जात नाही.

पोटात घातलेले टोक

खरी परीक्षा पुढे असते. जोडलेला वरचा थर, मधले जुने कापड आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र शिवायचे. आधी कच्चा दोरा घालून तिन्ही थर जागच्या जागी बसवून घ्यायचे, मग मशीनवर टिपा मारायच्या. या टिपांना झाकायला पुढे दुसरी टीप येणार नसते. त्या उघड्यावरच सुरू होतात आणि उघड्यावरच संपतात. पुण्याची गोधडी इथेच दगा देऊन गेली होती.

या ठिकाणी मशीनचे काम संपते आणि हाताचे सुरू होते. इथे सूनबाई बाजूला सरली आणि आजी पुढे आल्या. आयुष्यभर हाताने गोधड्या शिवल्या होत्या, त्यांना टोक लपवणे ठाऊक होते. फक्त ते मशीनच्या टिपेलाही लागू पडते, हे कधी सुचले नव्हते.

टीप संपली, की दोन्ही दोरे हातभर नको, पण वीतभर तरी लांब ठेवायचे. वरचा आणि खालचा दोरा एकाच बाजूला काढून घ्यायचा. कापडाला अगदी चिकटून एक लहान गाठ मारायची. मग दोन्ही दोरे एका हातसुईत ओवायचे. जिथे टीप संपली, त्याच भोकात सुई घालायची, पण पलीकडे काढायची नाही. थरांच्या मधून इंचभर चालवायची आणि मग वर काढायची. हलकासा झटका दिला, की गाठ ‘टप्’ करून आत जाते. आता दोरा ताणून कापडालगत कापला, तरी चालतो. टोक आत ओढले जाते, दिसत नाही आणि सुटतही नाही. टोक कापून टाकलेले नसते. गोधडीच्या पोटात ठेवलेले असते.

काम वेळखाऊ आहे, यात शंका नाही. तीन लुगड्यांच्या गोधडीत अशी कितीतरी टोके निघतात. आजी रोज दुपारी ऊन परछीत येईपर्यंत वाट पाहतात आणि मग दहा-बारा टोके आत घालतात. सुईत ओवून देण्याचे काम सूनबाईचे. दोरा कोपराएवढाच घ्यायचा, असा आजींचा दंडक आहे. लांब दोरा घेतला, की प्रत्येक टाक्याला त्याचा पीळ वाढत जातो आणि तो स्वतःभोवतीच गुंततो. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला, की निमूट चालतो. मशीन नव्हते, तेव्हापासूनचे हे शहाणपण आहे.

गोधडी, वाकळ, कथरी

गोधडीला महाराष्ट्रात गावागणिक नावे आहेत. कुठे वाकळ, कुठे लेपडे, तान्ह्या बाळासाठी असेल तर दुपटे. संस्कृतातली ‘कन्था’ बंगालात कांथा झाली, हिंदी पट्ट्यात आणि छत्तीसगढमध्ये कथरी. विदर्भाने तर गोधडीला संतपण दिले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक पुस्तकच केले आणि घराघरांतल्या या कामाकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले.

हाताची पारंपरिक गोधडी बाहेरून आत शिवत नेतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे. त्यामुळे टोके मुळातच कमी पडतात. गोवा ओलांडून कर्नाटकात शिरले, की उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी पाहायला मिळतात. त्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची छोटी फुले लावतात. फुले नसली, तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. प्रदेश कोणताही असो, शिवणाऱ्या बाईचे लक्ष मधल्या नक्षीइतकेच कोपऱ्याकडे आणि टोकाकडे असते. वस्त्र तिथून सुटते, हे तिला अनुभवाने ठाऊक असते.

मशीन आले आणि ही काळजी थोडी सुटली. टिपा भराभर पडू लागल्या, तसा टोकांचा विसर पडला. त्यात मशीनचा दोष नाही. मशीन मधले काम करते. सुरुवात आणि शेवट माणसालाच सांभाळावे लागतात.

परतीची गाडी

नातीच्या गोधडीचे शेवटचे टोक आत गेले, त्या दिवशी सासूसुनेने ती आधी घरच्या बादलीत धुतली. ही सूनबाईचीच अट होती. एकदा नव्हे, दोनदा. दोरीवर वाळत घातली, तेव्हा आजी खुर्ची ओढून समोर बसून राहिल्या. वाळल्यावर त्यांनी चारही कडा, चारही कोपरे आणि प्रत्येक टिपेचे टोक बोटाने चाचपून पाहिले. एका ठिकाणी दोऱ्याचा बारीकसा केस वर आला होता. त्यांनी तो कापला नाही. सुई मागितली आणि आत घातला.

पुण्याची उसवलेली गोधडी ट्रंकेतून पुन्हा बाहेर निघाली आहे. तिच्या चौकोनांच्या कडा विरल्या, तरी मधला भाग धड आहे. तेवढा कापून लहान चौकोन होतील आणि लहान चौकोनांचे एखादे दुपटे. ते कोणासाठी, हा प्रश्न आज घरात कोणी विचारत नाही. पण सूनबाईने चिंधी मशीनच्या पायाखाली ठेवून दिली आहे.

नात दुर्गहून गाडीत बसली, तेव्हा गोधडी तिच्या पिशवीत सगळ्यांत वर होती. तिच्या पणजीची लुगडी पन्नासेक वर्षे भंडाऱ्याच्या एका घरात धुतली गेली, वाळली, नेसली गेली. मग ती मुलीच्या वाट्याला येऊन डोंगरगडचा चढ ओलांडून उतईला आली. आता तीच, चौकोन होऊन, राजनांदगाव, डोंगरगड, दरेकसा करत पुन्हा नागपूरकडे चालली होती. ज्या रुळांवरून गाडी धावत होती, तसले रूळ तिच्या आजोबांनी भिलाईत वर्षानुवर्षे घडताना पाहिले होते.

बोगदा आला. डब्यातली लहान मुले ओरडली. गाडी उजेडात आली, आणि गोंदियाच्या अलीकडेच कोणीतरी मराठीत चहा मागितला.